उठवणाऱ्याचे दाम



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी आम्ही युनियनच्या कचेरीत, कंपनीची पत्रे शब्दकोशाशी ताडून पाहत शिकलो. त्या खटाटोपात एक शब्द असा भेटला, की तो अजून आमची पाठ सोडीत नाही. तो शब्द म्हणजे ‘नॉकर-अप’.

विलायतेतल्या गिरण्यांच्या गावांत हे एका धंद्याचे नाव होते. गजराचे घड्याळ गरिबाच्या घरी नसे. म्हणून एक माणूस पहाटे लांब काठी घेऊन गल्लोगल्ली फिरे आणि माडीच्या खिडकीवर टकटक करून कामगारांना उठवी. पूर्व लंडनात १९३० च्या दशकात मेरी स्मिथ नावाची बाई तर नळीतून वाळलेले वाटाणे खिडकीवर फुंकी! मजुरी आठवड्याला काही पेन्स. आणि हे पेन्स देई कोण? बहुधा झोपलेला कामगारच. माणूस वेळेवर हवा मालकाला. पण त्याला जागे करण्याचा खर्च त्याच्याच पगारातून!

आमच्या मुंबईत हे काम भोंगा करी. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. भोंगा थांबला, पण वडील त्याच वेळेला उठून बसत. आई म्हणे, “अहो, निजा की. आता कोण बोलावतंय?” वडील काही बोलत नसत.

आता गेल्या रविवारची गोष्ट. शेजारचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर सामान पोचवतो. शनिवारी रात्री साडेबाराला तो आमच्या दाराशी आला. “काका, फोन बिघडलाय. धाकट्याचा घेऊन जाईन, पण त्यात गजर वाजत नाही. पाचला उठवाल?”

आम्ही पाचला त्याच्या दाराशी गेलो, हात वर केला आणि तसेच उभे राहिलो. ज्या रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून खटपट केली आणि जी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाली, त्याच रविवारी, साडेचार तास झोपलेल्या पोराला आम्ही, एक युनियनवाले, कामासाठी उठवणार! न उठवावे तर त्याची दिवसाची कमाई बुडणार. फोन त्याचा, पेट्रोल त्याचे, गाडीचा हप्ताही त्याचाच.

आम्ही दार वाजवले. तो डोळे चोळीत बाहेर आला आणि म्हणाला, “काका, चहा घेऊन जा.”

चहा घेतला. पण तो घशाखाली उतरताना जड गेला. काठी गेली, भोंगा गेला. आज उठवणारा कामगाराच्या खिशातच बसला आहे, आणि त्याचे दाम अजून कामगारच मोजतो आहे. त्या पोराला आम्ही एवढेच सांगितले, “पुढच्या रविवारी तुझ्यासारखी चार पोरं घेऊन कचेरीत ये. संध्याकाळी ये. आधी पोटभर झोप.”