दुसऱ्याची झुंज



थोड्याच दिवसांत मंडळीतले लोक तुमच्याकडे उत्तरं मागायला येतील. धर्मशास्त्र शिकून आज पदवी घेणारे तुम्ही. उत्तरं तुमच्या ओठांवर तयार असतील. नेमकी तिथंच मला तुमची काळजी वाटते.

पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे प्रश्न संपले नाहीत, वाढले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. धर्मगुरूंच्या शब्दापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी का झुकवायची, असं त्या स्पष्ट विचारत. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई मायेनं ‘आजीबाई’ म्हणत. आजीबाईंचंही त्यांच्यावर मनापासून प्रेम होतं; पण या प्रश्नांत त्यांना अहंकार दिसे, आणि आज्ञापालन हवं असे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र त्याच प्रश्नांवर रमाबाईंशी पत्रांतून विचारविनिमय करत राहिल्या. शंका घेणाऱ्या माणसाला त्यांनी शंकेसकट जवळ बसू दिलं.

ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे भेटला, अशी साक्ष रमाबाईंनी नंतर लिहून ठेवली. मध्ये सुमारे आठ वर्षं गेली! त्या वर्षांत कुणाच्या दडपणाखाली त्यांनी मान डोलावली असती, तर मंडळीला एक आज्ञाधारक सभासद मिळाली असती. केडगावचं मुक्ती मिशन उभारणारी, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षं वेचणारी रमाबाई मिळाली असती, असं मला वाटत नाही.

आपल्या घरातलं उदाहरणही तुम्हाला ठाऊक आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. काही वर्षं ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सांभाळलं, वेगळा स्वयंपाक केला. ते सोवळं त्यांनी सोडलं ते स्वतःच्या विचारानं, नवऱ्याच्या हुकमानं नव्हे. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी नेमणुकीच्या गावी जाण्याआधी जरूर वाचावं.

दुसऱ्याची श्रद्धेशी चाललेली झुंज त्याच्यासाठी लढू नका, असं म्हणताना एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा’ म्हणू नका. भुकेल्याला, आजाऱ्याला, कर्जात बुडालेल्याला झुंजत ठेवणं हे पाप आहे. तिथं धावत जा, पोलिसांकडे किंवा डॉक्टरकडे सोबत जा. मी बोलतो आहे ती झुंज बायबलमधल्या याकोबाची आहे, देवाशी यब्बोक नदीकाठी रात्रभर चाललेली. तिथं तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

आणि शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुण आठवा. येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिलं. सगळं विकून गोरगरिबांना देण्याची अट सैल केली नाही.

तुमच्या मंडळीत एखादा मुलगा असेल, उपासनेत सुंदर गाणारा. आईवडील म्हणतील, “पाळकसाहेब, तुम्हीच सांगा त्याला, देवानं त्याला सेवेसाठी पाचारण केलंय.” सांगू नका. त्याला आजाऱ्यांच्या भेटीला सोबत न्या, त्याचे प्रश्न ऐका, रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. वर्षभरानं तो म्हणाला, “मी बँकेच्या परीक्षेला बसतोय,” तर सेमिनरीत निघालेल्या मुलाच्या डोक्यावर जसा हात ठेवला असता, तसाच त्याच्याही डोक्यावर ठेवा.