गवत कापण्याचा भाव



धानाच्या रोवणीचा ठेका घेताना आपण आधी बांधी पाहतो. मग भाव बोलतो. गोंदियातल्या बंगल्याचे गवत कापायचे असेल, तरी तसेच करा. फाटकातूनच भाव सांगू नका.

आधी जागा मोजा. लांबी ६६ फूट, रुंदी ३३ फूट. गुणाकार झाला २१७८. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे हे झाले दोन गुंठे.

आता हिशेब मांडा. समजा, दोघांना एक दिवस लागतो आणि रोजी ५०० रुपये आहे. मजुरी झाली १०००. गवत वाहून नेण्याचे २००. विळ्यांना धार लावायचे ५०. झाले १२५०. दगडावर विळा मोडला, तर नवा कशातून घ्याल? म्हणून आणखी १५० धरा. भाव झाला १४००.

पावसाळ्यात गवत भराभर वाढते. तेव्हा भाव महिन्याचा नको, दर कापणीचा ठरवा.

मालक म्हणेल, "दुसरा तर ९०० त करतो." रागावू नका. कागद दाखवा. ९०० त दोघांची रोजीही निघत नाही.

ठरले ते लिहून घ्या. मालकाची सही घ्या, आपलीही करा. आता अंगठा कशाला?