विरजण शेजारचं, चहा आंबट

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या हळदीकुंकू कार्यक्रमातील भाषण)



मला ‘आंबवलेल्या चहा’वर बोलायला सांगितलंय. माझ्या ओट्यावरची बरणी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. "त्यात काय भिजत घातलंय?" असंही विचारून झालंय!

याला कोंबुचा म्हणतात. रशियात याला ‘चहाची अळंबी’ असं नाव पडलं, पण ती अळंबी नव्हे. वर तरंगते ती यीस्ट आणि जिवाणूंची साय. यीस्ट साखर फोडून थोडा अल्कोहोल करतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात. आपली आंबील, इडलीचं पीठ, दही यांचीच ही भावकी म्हणा ना.

कृती सोपी. एक लिटर पाणी उकळा, दोन चमचे चहापूड आणि अर्धी वाटी साखर घाला. दूध नाही. गाळून पूर्ण गार करा, गरम चहात विरजण मरतं. काचेच्या बरणीत ओता. त्यात साय आणि आधीचा आंबट चहा अर्धी वाटी घाला. हा आंबट चहा विसरू नका, बरं का! त्याच्यामुळे पहिल्या दिवसापासून आंबटपणा राहतो आणि बुरशीला वाव मिळत नाही. तोंडाला सुती फडकं बांधा, झाकण नको, हवा लागते. पितळ-तांब्याचं भांडं तर नकोच. सात ते दहा दिवस लागतात. आपल्या किन्हवलीच्या मे महिन्यात चार-पाच दिवसांतच आंबतो, म्हणून रोज चव बघा. वर हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर सायीसकट सगळं फेकायचं. जीव अडकवायचा नाही.

बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवू नका. वायू साठतो. माझी एक बाटली रात्री दोनला फुटली, अख्खा जिना जागा झाला होता!

आता मनातलं सांगते. तळमजल्यावरच्या काकांना मी उत्साहाच्या भरात म्हटलं, "याने साखर आटोक्यात येते." काका रोज दोन ग्लास प्यायला लागले, गोळ्या कमी केल्या. महिन्याभराने साखर भलतीच वाढलेली. अहो, या चहात न आंबलेली साखर उरतेच! काकू मला तोंडावर बोलल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. काकांना विचारूनच आज हे सांगतेय.

सोसायटीत एका घरातलं बोलणं दहा घरांत औषध होऊन फिरतं. म्हणून आता मी साय देताना सोबत चिठ्ठी देते: ‘हे औषध नाही. रोज अर्धा कप पुरे. गरोदर बाई, तान्ही मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घेऊ नये. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.’

पंचवीस वर्षं आपण एकमेकींच्या दारात विरजणाची वाटी घेऊन गेलो. ही सायही तशीच न्या, पण चिठ्ठीसकट. काकू आज पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांनी परवाच माझ्याकडून साय नेली.