परीक्षा थांबत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यांतल्याच एकीने आपल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा ती पाळी मजवर आली आहे. मी काही व्याख्याती नव्हे. कचेरीचा सारा हिशेब आणि कागदपत्रे ज्या मोठ्या संगणकांत साठवलेली असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. ते सांभाळणारी मी एक नोकरदार बाई.

आमच्या धंद्यात कॉलेजच्या पदवीखेरीज आणखी एक कागद विचारतात. ज्या कंपनीची यंत्रणा आपण चालवतो, ती कंपनीच परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. पन्नास वर्षांपूर्वी बी. ए. झालेल्या बाई आजही बी. ए.च असतात. आमच्या प्रमाणपत्राला मात्र मुदत असते. आणि कधी कधी तर परीक्षाच निवृत्त होते!

माझीच हकीकत सांगते. मायक्रोसॉफ्टचे एमसीएसए नावाचे प्रमाणपत्र असे. विंडोज सर्व्हर २०१२ साठी त्याचे तीन पेपर होते : ७०-४१०, ७०-४११ आणि ७०-४१२. पहिले दोन मी २०१८ आणि २०१९ साली उत्तीर्ण झाले. तिसरा राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले, की ३० जूनला ह्या परीक्षा कायमच्या बंद होणार. पुढे करोनाची साथ आली आणि ती तारीख ३१ जानेवारी २०२१ वर गेली. सात महिने अधिक मिळाले!

त्या सात महिन्यांत मी काय केले? सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मुलाची घरबसली शाळा झाली, दिवाळी झाली, पुतणीचे लग्न झाले. मला कोणी अडवले, असे मी म्हणणार नाही. पण घरातल्या सगळ्या कामांत थांबवता येण्याजोगी गोष्ट म्हणजे माझी परीक्षा, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो, आणि सर्वांत आधी मी. फेब्रुवारी उजाडला तेव्हा परीक्षा उरली नव्हती. तीनपैकी दोन पेपरांना प्रमाणपत्र कोण देणार?

चार दिवस फार वाईट वाटले. मग विचार केला, की परीक्षा बंद झाली ती उगीच नव्हे. पूर्वी कचेरीतच एका थंड खोलीत सर्व्हर असत. आता पुष्कळ कचेऱ्या ते दूरच्या कंपनीकडून भाड्याने घेतात. त्याला क्लाउड म्हणतात. काम बदलले, तशी परीक्षाही बदलली. आणि ती किती वेगाने बदलावी! क्लाउडच्या व्यवस्थापकासाठी एझेड-१०० आणि एझेड-१०१ असे दोन पेपर होते. २०१९ साली दोहोंचा मिळून एझेड-१०३ झाला आणि २०२० साली त्याच्या जागी एझेड-१०४ आला. पण जुने शिकलेले वाया गेले नव्हते. नावे नवी असली, तरी आतली पुष्कळशी ओळख जुनीच निघाली. दिवाळीनंतर, २०२१ साली, मी एझेड-१०४ दिली आणि उत्तीर्ण झाले.

ती परीक्षा घरून देता येते. पण खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, कॅमेऱ्यातून पहारा असतो. त्या दिवशी सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि कोणाला आत सोडले नाही. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांचेही नाव असायला हवे होते.

ह्या प्रमाणपत्राची मुदत एकच वर्ष. मात्र नूतनीकरण सोपे आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत केव्हाही, घरी बसून, पुस्तक उघडे ठेवून छोटी चाचणी द्यायची. फी नाही, पहारा नाही. नापास झाले तरी पुन्हा देता येते. पण मुदत एकदा उलटली, की फी भरून मूळ परीक्षा पहिल्यापासून.

तीही चूक मी केली! नूतनीकरणाची पत्रे माझ्या कचेरीच्या ईमेलवर येत. २०२३ साली मी नोकरी बदलली आणि तो पत्ता बंद झाला. पत्रे कोणी पाहिलीच नाहीत. नव्या ठिकाणी कागद मागितला तेव्हा कळले, की मुदत संपून दोन महिने झाले. २०२४ साली पुन्हा फी भरली, पुन्हा अभ्यास केला. म्हणून आपल्या मुलींना सांगा : प्रमाणपत्राला पत्ता स्वतःचा द्या, नोकरीचा नको. नोकरी बदलते. आणि पत्राची वाटही पाहू नका. मी आता मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहिते, आणि सहा महिने आधीच्या पानावरही लिहिते.

जिला नुसती सुरुवात करायची आहे, तिच्यासाठी एझेड-९०० ही प्राथमिक परीक्षा आहे. तिच्या प्रमाणपत्राला मुदत नाही. इतर कंपन्यांचे नियम निराळे. सिस्कोच्या सीसीएनएची मुदत तीन वर्षे. अर्ज करण्यापूर्वी मुदत किती आणि परीक्षा बंद व्हायची तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

भगिनींनो, आपण दर उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतो. गेल्या वर्षी घातल्या होत्या म्हणून यंदा कोणी स्वस्थ बसत नाही, आणि त्यात कमीपणाही मानत नाही. ह्या परीक्षेचेही तसेच समजावे.

शेवटी एकच मागणे. घरातल्या सुनेने वा लेकीने 'माझी परीक्षा आहे' म्हटले, तर 'होईल गं पुढच्या महिन्यात' असे म्हणू नका. 'तारीख कोणती?' असे विचारा, आणि त्या दिवशी दाराबाहेर खुर्ची टाकून बसा.