मापात बसलेलं अक्षर



या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, मनापासून आभार. या खुर्चीत माझ्याहून जाणती माणसं बसून गेली आहेत, याची जाणीव आहे. अध्यक्षानं वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा, अशी प्रथा आहे. तर चांगली मुखपृष्ठं झाली, देवनागरीत नवे फाँट आले, तरुण मंडळी जोमानं काम करताहेत. आढावा संपला. उरलेला वेळ मी माझ्या मनातल्या गोष्टीसाठी वापरणार आहे. बरीच वर्षं ती दाबून ठेवली आहे.

सकाळच्या परिसंवादाचा विषय होता, डिझाइनची प्रेरणा कुठे शोधावी. वक्त्यांनी पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. सोल बासनं केलेली 'व्हर्टिगो' सिनेमाची शीर्षकं आली, स्विस पोस्टरं आली. शेवटच्या वक्त्यानं ट्रकची रंगवलेली पाठ आणि टॅक्सीचं नक्षीदार छत दाखवलं, त्याला टाळ्याही मिळाल्या. पण एकाही वक्त्याला एखाद्या मराठी अक्षरापाशी थांबावंसं वाटलं नाही. ट्रकच्या पाठीवरची फुलं त्यांना दिसली. फुलांच्या मधोमध पेंटरनं लिहिलेलं नाव मात्र कुणी वाचलंसुद्धा नाही!

रस्त्यावरची कला आपण रंगांसाठी उचलतो आणि अक्षर इंग्रजीकडून उसनं आणतो. माझं भांडण याच्याशी आहे.

सोल बासचंच घ्या. मोठा माणूस, वाद नाही. 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'च्या पोस्टरवर त्यानं कागद कापल्यासारखी ओबडधोबड अक्षरं वापरली. ती उभी राहतात, कारण रोमन अक्षरं मुळात सुटी असतात. एक थोडं वर गेलं, एक कललं, तरी शब्द शाबूत राहतो. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून असतात. शिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. एकाच ओळीत तीन मजले सांभाळायचे असतात. बोरूचा कापही रोमन लेखणीच्या उलट्या बाजूला तिरका, त्यामुळे अक्षराचा जाड-बारीकपणा वेगळ्या ठिकाणी पडतो. हे सगळं बाजूला ठेवून शिरोरेषेचे तुकडे करायचे, ते वरखाली फेकायचे आणि म्हणायचं, बासवरून प्रेरणा घेतली!

कालच्या चर्चेत एका तरुण सहकाऱ्यानं तावातावानं मांडलं की शिरोरेषा ही जुनी सवय आहे, ती सोडून द्यावी. त्यांना एक प्रसंग सांगतो. उमेदवारीच्या काळात मी गिरगावात सिनेमाची होर्डिंगं रंगवणाऱ्यांच्या हाताखाली होतो. होर्डिंग जमिनीवर तुकड्यातुकड्यांत रंगवायचं आणि मग वर चढवून जोडायचं. एकदा नायिकेच्या चेहऱ्यातून जाणारा जोड बोटभर चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही, नाक जरा वाकडं दिसलं इतकंच. पण सिनेमाच्या नावातून जाणारा जोडही तेवढाच चुकला होता, आणि रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानं हाक मारून सांगितलं की नाव मोडलंय. उस्तादांनी पेंटरला परांचीवर चढवलं. त्यानं अक्षरांना हात लावला नाही, फक्त वरची रेघ एका दमात पुन्हा ओढली आणि नाव सरळ झालं. शिरोरेषा काय करते, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. ज्यांना ती काढायची असेल त्यांनी जरूर काढावी, पण आधी परांचीवर चढावं.

आपल्याकडे सिनेमा आणि अक्षर एकाच घरातून आले. दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यातून सिनेमाकडे वळले, 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२०मध्ये 'सैरंध्री' केला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्याच हाताखाली शिकलेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. ही माणसं प्रेरणा शोधायला कुठे जात नव्हती, कारण पडदा, पोस्टर आणि पाटी ही त्यांची एकाच हातानं करायची कामं होती. पुढे कितीतरी वर्षं हिंदी सिनेमाचं नाव पडद्यावर तीन लिप्यांत यायचं. रोमन, देवनागरी, उर्दू, तिन्ही वेगवेगळ्या हातांनी काढलेली आणि तरी एका जातीची. आम्ही मुलं ती नावं वहीत उतरवून घ्यायचो. आता बहुतेक हिंदी सिनेमांचं नाव रोमनमध्ये येतं. देवनागरी आली तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर.

सत्यजित राय यांचं नाव आपण सगळे आदरानं घेतो. पण राय आधी जाहिरात कंपनीत होते, सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करत होते आणि बंगाली अक्षर त्यांच्या बोटांत होतं. रोमन टाइपही त्यांनी घडवला, पण बंगालीवर हात बसल्यानंतर. हा क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे नाटकांची नावं रेखाटणारे कमल शेडगे होते. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की नाटक विनोदी की गंभीर, हे नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणावरून कळायचं. २०२०मध्ये ते गेले. नाटकाचं पान त्यांच्यानंतरही छापलं जातं. मी ते बघायचं सोडलं आहे.

आता फलकांकडे येतो. २०२२मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला की प्रत्येक दुकानाचं नाव मराठीत हवं आणि मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षरापेक्षा लहान नको. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला आनंद झाला. वाटलं, आपल्या धंद्याला एवढी मोठी संधी पुन्हा येणार नाही. झालं काय? दुकानदारानं फ्लेक्सवाल्याला फोन केला, फ्लेक्सवाल्यानं हाताशी असलेला फाँट घेतला आणि इंग्रजी नावाच्या रुंदीइतका होईपर्यंत माउसनं ताणला. र. कृ. जोशींनी 'मंगल' हा फाँट संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी घडवला होता. तो बिचारा आता मिठाईच्या दुकानावर आडवा पसरलेला दिसतो. कायद्यानं अक्षराची उंची मोजली, अक्षर बघायचं काम आपलं होतं. आपण तेव्हा परिसंवाद घेत होतो. माझ्या मागे लावलेल्या या संमेलनाच्या फलकाकडे तुमचं लक्ष गेलंच असेल, त्यामुळे त्याविषयी बोलत नाही.

याच काळात पुण्याबाहेर एका रसवंतीची पाटी रंगवली जात होती, ती मी उभा राहून पाहिली. पेंटरनं खडूत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारली, दोन आडव्या रेषा उमटल्या. मग 'रसवंतीगृह' लिहायला घेतलं. या शब्दाची अडचण बघा. दोन्ही टोकांना र आणि ह, दोघांनाही काना नाही. मधे स, व, त, मग वेलांटीचा काना, मग ग, म्हणजे पाच उभे दांडे दाटीनं. फाँटमध्ये टाइप केला की मधला भाग काळा पडतो आणि र वेगळा पडल्यासारखा वाटतो. या माणसानं आधी पाचही काने एका ब्रशच्या जाडीनं मारून घेतले, मधलं अंतर नजरेनं थोडं थोडं वाढवत. मग र सच्या जवळ ओढला, त्याचा पाय लांबवला आणि शेवटच्या हची शेपटी तेवढीच सोडली. दोन्ही टोकं भरली. अनुस्वार त्यानं वेलांटीच्या कमानीबाहेर, थोडा डावीकडे ठेवला. मी विचारलं, डावीकडे का? म्हणाला, "नाहीतर गर्दी होते ना साहेब." आणि डबा हलवून शिरोरेषेला लागला.

आपल्या कॉलेजांत हे सेमिस्टरभर शिकवता येईल. शिकवत नाहीत.

हातानं की संगणकावर, हा दुसरा वाद. त्यात मला रस नाही, माऊसनंही अंतर बघता येतं. फक्त बघायला हवं. एका मोठ्या कंपनीनं मला लोगोचं मराठी रूप करायला बोलावलं होतं. इंग्रजी लोगोचं जाडजूड मॅन्युअल होतं, मराठीला शेवटचं पान. वर सूचना, मूळ अक्षरांचे भाग वापरूनच मराठी करावं. म्हणजे इंग्रजी अक्षरं कापून देवनागरी सांधायची. मी म्हटलं, आधी मराठी करू, मग त्यावरून इंग्रजी जुळवू. बैठकीतले सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. काम दुसऱ्याला गेलं, आणि तो लोगो आजही दिसला की मी मान वळवतो.

संयोजकांनी मला पुढच्या कामाची दिशा द्यायला सांगितली आहे. तर गावोगावच्या पेंटरांच्या पाट्यांचे फोटो जमवावेत, पुसल्या जाण्याआधी. पेंटरांना कॉलेजात बोलावून मानधन द्यावं. दुकानदारांसाठी चांगल्या देवनागरी पाट्यांचे काही नमुने फुकट उपलब्ध करावेत. कसे, कुणी, कुठल्या पैशानं, हे समिती ठरवील. समितीत तरुणांना घ्या, मला घेऊ नका, मी बैठकीत भांडतो. आणि पुढच्या वर्षीचा फलक छापायला टाकण्याआधी मला एकदा दाखवा.