दोऱ्यावर चढणारी शिडी

जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवते ना? मिटलेली असली की वीतभर, ओढली की हातभराहून लांब. शेवटचे पेर सगळ्यांत बारीक, आणि मोडायचे तेही बहुधा तेच. एकात एक बसणाऱ्या भागांची ही युक्ती अग्निशामक दलाच्या शिडीत आहे, गोदामातल्या फोर्कलिफ्टमध्ये आहे. तिच्याच एका धाकट्या भावंडाबद्दल आज बोलणार आहे. छंद म्हणून बनवलेल्या छोट्या रोबोवर बसवायची, उंच होणारी शिडी.

यंत्रमानव म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला पोलादी माणूस येतो. आमचा रोबो म्हणजे चार चाकांची एक पेटी. माझी भाची आणि तिचे तीन मित्र, सगळे नववी-दहावीतले. स्पर्धेत उतरायचे नव्हते, पण माप कुठले तरी हवे, म्हणून त्यांनी ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शालेय स्पर्धेचे माप घेतले. तिथे सुरुवातीला रोबो लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी १८ इंचांच्या आत मावावा लागतो. २०२२-२३ सालच्या खेळात प्लॅस्टिकचे शंकू उचलून खांबांवर घालायचे होते आणि सर्वांत उंच खांब साडेतेहतीस इंचांचा, म्हणजे सुमारे ८५ सेंटिमीटरचा होता. गुडघ्याएवढ्या पेटीने टेबलापेक्षा उंच जागी वस्तू ठेवायची.

पहिला प्रश्न साहित्याचा. विकतचे तयार संच महाग. पण सुताराकडे जो ड्रॉवरचा चॅनेल मिळतो, छर्र्यांवर सरकणारा, तो उभा केला की शिडीचा एक टप्पा झालाच! जाड पत्र्याचा चॅनेल मात्र जड असतो. मुलांनी शोधून अरुंद, हलके चॅनेल आणले. ३५ सेंटिमीटर लांबीचे, जोडणीसकट प्रत्येक टप्पा २०० ग्रॅमचा. असे तीन सरकते टप्पे आणि वर शंकू धरायचा ३०० ग्रॅमचा चिमटा. सगळे मिळून ९०० ग्रॅम. भाजीच्या पिशवीएवढेही ओझे नाही.

आता हे वर न्यायचे कशाने? दोऱ्याने. मासेमारीसाठी विणलेला बारीक, न ताणला जाणारा दोरा मिळतो, तो उत्तम. दोरा ओवण्याच्या मात्र दोन तऱ्हा आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या तऱ्हेत एकच लांब दोरा सगळ्या टप्प्यांच्या कप्प्यांवरून वरखाली फिरत शेवटच्या टप्प्याला बांधलेला असतो. मोटर दोरा गुंडाळू लागली की सर्वांत हलका, म्हणजे वरचा टप्पा आधी निघतो, मग मधला, मग खालचा. निदान कागदावर तरी असे होते. प्रत्यक्षात ज्याचे घर्षण कमी तो आधी पळतो, आणि त्यांचा क्रम रोज बदलतो.

दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक टप्प्याचा दोरा वेगळा. मोटर फक्त पहिल्या टप्प्याला उचलते. त्या टप्प्याच्या डोक्यावर कप्पी असते. तिच्यावरून गेलेल्या दोऱ्याचे एक टोक रोबोच्या स्थिर खांबाला आणि दुसरे टोक दुसऱ्या टप्प्याच्या तळाला बांधलेले. पहिला टप्पा बोटभर वर गेला की दुसरा जमिनीपासून दोन बोटे वर जातो, तिसरा तीन बोटे. तिघे एकदम, शिस्तीत निघतात. बघायला फार देखणे दिसते.

पण निसर्ग हिशेबाला पक्का आहे. तिप्पट धाव घेणारी वस्तू मोटरला तिप्पट जड वाटते. वरचा ३०० ग्रॅमचा चिमटा खाली ९०० ग्रॅमचा होतो. सगळी बेरीज केली तर ९०० ग्रॅमच्या शिडीसाठी मोटरच्या दोऱ्यावर २१०० ग्रॅमचा ताण येतो. त्या बदल्यात दोरा थोडाच ओढावा लागतो. पहिल्या तऱ्हेत ७५ सेंटिमीटर, दुसरीत २५. एकूण काम दोन्हीकडे सारखेच पडते, फुकट काही मिळत नाही. मुलांनी दुसरी तऱ्हा निवडली. माझेही मत तेच होते, कारण खोळंबणारा टप्पा शोधत बसण्यापेक्षा जास्त जोराची मोटर लावणे सोपे.

दहीहंडीचे थर पाहिलेत ना? वर जाणारे पोर हलकेच निवडतात. खालच्या थराला वरच्यांचे वजन पेलावे लागते म्हणून. आमच्या शिडीत तर वरचा जितका उंच तितका तो खालच्याला पटीने जड. आशिया-प्रशांत प्रसारण संघाची महाविद्यालयीन ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषयच गोविंदा होता. चिमट्यातला एकेक स्क्रू काढून वजन कमी करणारी ही मुले पाहताना मला तो योगायोग वाटेना.

शिडी उभी राहिली. १० सेंटिमीटर भाग आत ठेवून प्रत्येक टप्पा २५ सेंटिमीटर बाहेर आला आणि टोक १२० सेंटिमीटरवर पोहोचले. टाळ्या पडल्या. मग रोबो चालवला, थांबवला, आणि शिडी वाऱ्यात ऊस डुलावा तशी डुलू लागली. खांबावर शंकू बसवायला डुलणे थांबेपर्यंत वाट पाहायची, म्हणजे उंची असून उपयोग काय?

यावरून वाद झाला. एका मुलाचे म्हणणे, जाड पट्ट्या लावून शिडी मजबूत करू. भाचीने चॅनेल हातात घेऊन हलवला. आत राहिलेल्या १० सेंटिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई होती. तेवढीच ढिलाई पुढे अर्ध्या मीटरवर अडीच मिलिमीटर होते, आणि असे तीन सांधे एकावर एक. ती म्हणाली, “मामा, आपल्याला १२० कशाला हवेत?” खांब ८५ चा, शंकू सुमारे १३ सेंटिमीटर उंचीचा. ९९ पुरतात. मग प्रत्येक टप्पा २५ ऐवजी १८ च बाहेर काढायचा, १७ आत ठेवायचा.

तो मुलगा रुसला. त्याचेही चूक नव्हते. हातात असलेली २१ सेंटिमीटर उंची सोडून द्यायची, तीही घाम गाळून मिळवलेली! दोन टप्पेच ठेवले असते तर टोक ९५ वर अडले असते, म्हणून तिसरा हवा होता. पण पूर्ण उघडायचा नव्हता. शेवटी दोन्ही उंचींवर दहा-दहा वेळा रोबो पळवून थांबवायचा असे ठरले, आणि घड्याळ त्याच मुलाच्या हाती दिले. पाचव्या फेरीनंतर तो स्वतःच बोल्ट लावायचा पाना घेऊन आला. टप्पा १८ वर अडवणारा बोल्ट त्यानेच बसवला.

लांब बाहेर आलेली कुठलीही पट्टी, टोकावर तेवढाच जोर दिला तरी, दुप्पट लांबीला आठपट वाकते. त्यामुळे आत राहिलेला भाग वाया गेला असे समजायचे कारण नाही. शिवाय ओझे उंच गेले की रोबो उलटायलाही सोपा होतो. आमच्या पाच किलोच्या पेटीचा गुरुत्वमध्य शिडी मिटलेली असताना जमिनीपासून साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर होता, १२० वर उघडली की साडेबावीसवर, ९९ वर २०. म्हणून शिडी वर असताना गाडी हळूच चालवायची, हे प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवले.

खाली येणे हे वर जाण्याहून अवघड निघाले. मोटर उलट फिरली तरी घर्षणाने टप्पा अडतो, दोरा सैल पडून कप्पीवरून उतरतो आणि पुढच्या वेळी सगळा गुंता. उपाय जुनाच आहे. ज्या रिळावर वर नेणारा दोरा गुंडाळतो, त्याच रिळावर खाली ओढणारा दुसरा दोरा उलट्या दिशेने गुंडाळायचा. एक सुटतो तेवढाच दुसरा भरतो. तोही प्रत्येक टप्प्याला वेगळा.

आणि दोरा तुटला तर? मिटताना चॅनेल कात्रीसारखे बोट पकडतात. त्यामुळे या मुलांनी स्थिर खांबात आणि प्रत्येक टप्प्यात आरपार एकेक भोक पाडले आहे. शिडीत हात घालायच्या आधी बॅटरी काढायची आणि त्या भोकांत खिळा घालायचा. खिळ्याला लाल दोरी बांधलेली आहे, आणि ती भाचीच्या गळ्यात असते. ती असल्याशिवाय कोणी शिडीला हात लावत नाही.