प्रवेशाची फाईल अकरावीतच उघडा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मुलगा किंवा मुलगी दहावी पास झाली की घरात पहिला प्रश्न निघतो तो क्लासचा. कोणता क्लास, किती फी, पुण्याला ठेवायचं की इथेच राहू द्यायचं. मार्क ही मुलाची जबाबदारी आणि फी ही बापाची, अशी सरळ वाटणी आपण करून टाकली आहे. या वाटणीत एक मोठं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही, ते म्हणजे प्रत्यक्ष प्रवेशाचं: दाखले, मुदती आणि पसंतीक्रम. बारावीचा निकाल लागेपर्यंत त्याकडे कुणी बघत नाही आणि मग सहा आठवड्यांत सगळं उरकायचा आटापिटा सुरू होतो. माझं म्हणणं असं, की हे काम मुख्यतः घराचं आहे, ते अकरावीतच सुरू व्हायला हवं, आणि खेड्यातल्या घराला ते शहरातल्या घरापेक्षा कमी नव्हे, काही बाबतींत अधिक चांगलं जमू शकतं.

जात वैधता प्रमाणपत्राचंच बघा. गावात याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच, आणि प्रांत कार्यालयातून मिळणारा जातीचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. जिल्हा जात पडताळणी समिती पुरावे मागते ते जुने. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. म्हणजे आजोबांच्या, क्वचित पणजोबांच्या काळातले. असे पुरावे कुठे असतात? जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, ज्याचा निर्गम उतारा मुख्याध्यापक देतात, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकात, जुन्या खरेदीखतांत. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा जो शोध राज्यभर झाला त्यात यांतल्या कित्येक नोंदी मोडी लिपीत सापडल्या, आणि मोडी वाचणारा माणूस गाठायलाही वेळ लागतो. आता दौंड शहराचा विचार करा. जंक्शनमुळे रेल्वेत नोकरीला आलेली आणि राज्य राखीव पोलीस दलामुळे इथे स्थिरावलेली कितीतरी घरं मूळची दुसऱ्या जिल्ह्यांतली आहेत. उसाच्या कामासाठी येऊन इकडेच राहिलेल्यांचंही तसंच. त्या जुन्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं, तिकडच्याच अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. हे काम जूनमधल्या एका आठवड्यात होणारं नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र वैधतेचा अर्ज अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता आधी झालेली असेल तर तो मोठाच पुरावा ठरतो; ती चुलत्याकडे आहे की आत्याकडे, हे शोधायला इंटरनेट लागत नाही, एखाद्या लग्नात चौकशी केली तरी पुरतं.

उत्पन्नाच्या कागदांत वेगळाच घोळ होतो. बागायतदार शेतकरी समजतो, उसाचं बिल मोठं आलं, आता आपल्याला नॉन-क्रिमिलेअर मिळणार नाही. इतर मागास वर्गाच्या नॉन-क्रिमिलेअरसाठी आठ लाखांची मर्यादा आहे खरी, पण तिच्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. शुल्कसवलतीसाठी जे कुटुंबाचं उत्पन्न बघतात त्यात मात्र दोन्ही येतात. दोन मोजमापं वेगळी आहेत, आणि पहिल्याचा गैरसमज करून घेऊन अर्जच न करणं म्हणजे हातची जागा सोडणं. मुलींच्या बाबतीत तर हे फार महागात पडतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. कागद वेळेत नाहीत म्हणून कॅप सोडून कुणाच्या तरी ओळखीने व्यवस्थापन कोट्यात जागा घेतली की ही माफी गेली. शिवाय कागदांची ही धावपळ नेमकी कधी असते? पेरणीच्या दिवसांत. दौंड तालुक्यात तर तुकोबांच्या पालखीचे यवत आणि वरवंडचे मुक्कामही त्याच सुमारास येतात आणि तालुक्याची सारी यंत्रणा त्या व्यवस्थेत असते. दाखले देणाऱ्या सेतू केंद्रापुढची रांग तेव्हा लांबणारच. प्रवेशाला लागणारा रहिवास दाखला दिवाळीनंतरच काढून ठेवला तर कुणाची शेतीही अडत नाही.

कागदांनंतर येतो पसंतीक्रम. माझ्या मते सर्वांत कमी विचार इथेच होतो. दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेल्या पर्सेंटाइलचं काय करायचं, हे सायबर कॅफेत अर्ध्या तासात ठरतं, तेही बऱ्याचदा समोरच्या ऑपरेटरच्या सल्ल्याने. नियम मात्र कडक झाले आहेत. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाली तर तीच जागा पक्की धरली गेली. ती नाकारणाऱ्याला पुढच्या फेऱ्या बंद. अकरावीची ऑनलाइन प्रक्रियाही त्याच वर्षापासून राज्यभर लागू झाली आणि तिथेही पहिल्या पसंतीचं महाविद्यालय नाकारलं की नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे यादीत वर काय लिहायचं ते घरात बसून, निदान दोनदा वाद घालून ठरवायला हवं. पुष्कळ पालक मोठ्या कॉलेजचं नाव वर घालायला भितात. वाटतं, ते मिळालं नाही तर खालचंही हातचं जाईल. तसं होत नाही. यादीत वरून खाली जाताना जिथे गुण बसतात ती पहिली जागा मिळते, वरची हुकल्याचा दंड नाही. भीती हवी ती उलट गोष्टीची, नको असलेलं नाव वर घालण्याची. आणि आपल्यासाठी अंतरही बघायलाच हवं. शिरूरहून नगर रस्त्याने वाघोली रोज गाठता येईल, कोथरूड नाही. दौंडच्या मुलाला पुणे स्टेशनजवळचं कॉलेज लोकलने जमेल, निगडीचं असेल तर खोलीचं भाडं धरूनच हिशेब करावा लागेल. यादीतलं तळेगाव हे ढमढेरे नसून दाभाडे आहे, हेही बघून घेतलेलं बरं.

मुलाच्या अभ्यासाबद्दल एकच सांगतो. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन आणि गणित मिळून १५० प्रश्न, २०० गुण असतात आणि वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असं मानणारा मुलगा चाळीस गुण बाजूला ठेवून परीक्षेला बसतो. अकरावीचा रस्ता नको असेल तर दहावीनंतर पदविकेला जाऊन पुढे थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत येण्याचा मार्गही खुला आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती ज्यांच्या दाराशी आहेत त्यांनी तो हलका समजू नये.

यावर काही आक्षेप येतील. पहिला, आईबाप शिकलेले नसतील तर त्यांनी हे कसं करायचं? पण वर सांगितलेल्या कामांत इंग्रजी कुठे लागलं? आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, भावकीत कुणाचे कागद झालेले आहेत, हे पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पदवीधर बापापेक्षा मलठण किंवा पाटसच्या आजीला जास्त ठाऊक असतं. फॉर्म मुलगा भरेल, पुरावे घरातली मोठी माणसं गोळा करतील. दुसरा आक्षेप, असं सगळं हातात दिलं तर मुलं परावलंबी होतील. सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने कोतवाल बुकाचा उतारा मिळवावा अशी अपेक्षा ठेवणं याला स्वावलंबन म्हणता येत नाही. त्याला बरोबर नेलं तर मात्र कार्यालय कसं चालतं ते तो शिकतो. शाखा कोणती आणि यादीत वर काय, हा शेवटचा शब्द मात्र त्याचाच असावा. एजंट आहेच की, असंही कुणी म्हणेल. पैसे देऊन फॉर्म जरूर भरून घ्या, पण अर्जाला मोबाइल नंबर त्याचा आणि पासवर्डही त्याच्याकडे, असं झालं की पुढच्या फेरीचा निरोप घरी येतच नाही.

तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. व्यवस्थाच किचकट आहे, तर तिचा बोजा घराने का उचलायचा? हे बरोबरच आहे. वैधता सादर करायला सरकारला वारंवार मुदतवाढ द्यावी लागते, याचाच अर्थ दोष एकट्या पालकांचा नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना कालमर्यादा घातली आहे. अर्जाची पोच जपून ठेवली आणि दिवस उलटल्यावर अपील केलं तर तो कायदा वापरता येतो. पण व्यवस्था सुधारेपर्यंत यंदाच्या अकरावीतला मुलगा थांबणार नाही. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना विनंती आहे, की अकरावीच्या पहिल्याच पालकसभेत लागणाऱ्या कागदांची यादी हाती द्या आणि दिवाळीपर्यंत कुणाचं काय राहिलं ते वर्गवार विचारा. पालकांनी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे का ते येत्या रविवारी पाहावं. नसेल, तर सोमवारी त्यांच्या शाळेत जाऊन निर्गम उताऱ्यासाठी अर्ज द्यावा.